मरियेविषयीचा वाद नेमका कशावर आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ख्रिस्ती पंथांची ओळख करून देणारा लेख आला आहे. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. मात्र 'कॅथलिक येशूची आई मरिया हिची पूजा करतात आणि प्रोटेस्टंट तिला मानत नाहीत' या त्यातल्या वाक्याने दोन्ही बाजूंवर अन्याय झाला आहे आणि खरा मतभेद झाकला गेला आहे.

आधी पूजेबद्दल. उपासना फक्त देवाची, ही कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण आहे. ७८७ च्या दुसऱ्या निकेया परिषदेने प्रतिमांना द्यायचा मान आणि केवळ देवाला द्यायची उपासना यांत स्पष्ट रेषा आखली. पुढे मध्ययुगीन ईशज्ञानाने संतांचा मान, मरियेचा त्याहून मोठा मान आणि देवाची उपासना अशा तीन पायऱ्या मांडल्या. प्रत्यक्षात हा फरक तपासायचा असेल तर अर्पण कोणाला होते ते पाहावे. मिस्सा (कॅथलिकांचा भाकरी-द्राक्षारसाच्या अर्पणाचा मुख्य उपासनाविधी) मरियेच्या सणाला होतो, तिच्या सन्मानार्थ होतो, पण अर्पण केला जातो तो पित्यालाच. चौथ्या शतकात काही स्त्रिया मरियेला भाकरी अर्पण करतात असे कळल्यावर बिशप एपिफेनियस यांनी त्यांना कडक शब्दांत फटकारले होते. मरियेला मान द्या, उपासना मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच करा, असे त्यांनी बजावले.

आता दुसरी बाजू. ४३१ च्या इफिस परिषदेने मरियेला 'देवमाता' म्हटले, ते प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते मार्टिन लुथर यांनी कधीच नाकारले नाही. १५२१ मध्ये त्यांनी मरियेच्या स्तोत्रावर (लूक १:४६-५५ मध्ये तिने गायलेल्या गीतावर) अतिशय आदराने भाष्य लिहिले. ती आयुष्यभर कुमारी राहिली, हे लुथर आणि स्वित्झर्लंडमधले सुधारक झ्विंग्ली दोघेही मानत. पुढच्या पिढ्यांतल्या बहुतेक प्रोटेस्टंटांनी ते सोडले, कारण बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात (६:३) येशूच्या चार भावांची नावे आहेत. (बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम यांच्या मते ते चुलत-मावसभाऊ, तर पौर्वात्य परंपरेनुसार योसेफाच्या आधीच्या लग्नाची मुले.) लुथरन पंचांगात, येशूच्या जन्माविषयी देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा २५ मार्चचा सण टिकून राहिला. संगीतकार बाख यांनी १७२३ मध्ये लाइपझिगच्या लुथरन चर्चसाठी मरियेचेच स्तोत्र संगीतबद्ध केले. मग 'मानत नाहीत' कसे म्हणायचे?

वाद कुठे आहे हे 'नमो मारिया' ही कॅथलिकांची मरियेला उद्देशून असलेली प्रार्थना ओळीओळीने वाचली की दिसते. पहिले वाक्य लूक १:२८ मधले, देवदूताचे अभिवादन. दुसरे लूक १:४२ मधले, मरियेची नातेवाईक अलीशिबा हिचे. त्यांत मरियेचे आणि येशूचे नाव तेवढे जोडले आहे. इथवर कोणत्याही प्रोटेस्टंटाला हरकत घेण्याजोगे काही नाही, हे शुद्ध शास्त्रवचन आहे. उत्तरार्ध नंतरचा. आजचे त्याचे रूप पोप पाचवे पायस यांच्या १५६८ च्या प्रार्थनाग्रंथाने सर्वत्र रूढ केले. त्यातही 'देवाच्या माते' हे संबोधन इफिसचे आहे. अडते ते 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' इथे. रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना; तिच्यात दहा-दहा 'नमो मारियां'चे गट असतात, त्यांना दशक म्हणतात. पाच दशकांच्या रोझरीत हे वाक्य त्रेपन्न वेळा येते.

कॅथलिक उत्तर असे की आपण जिवंत मित्राला 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतोच. ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव मरणाने तुटत नाहीत आणि प्रकटीकरण ५:८ मध्ये पवित्र जनांच्या प्रार्थना देवापुढे मांडल्या जाताना दिसतात. प्रोटेस्टंट म्हणतात, जिवंतांना प्रार्थनेची विनंती करायला शास्त्राचा आधार आहे. परलोकी गेलेल्यांना हाक मारण्याची आज्ञा नाही, उदाहरण नाही आणि ते ऐकतील असे वचनही नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे लुथरनांच्या अधिकृत श्रद्धानिवेदनाच्या, २१ व्या कलमाने संतांचे स्मरण मान्य केले आणि त्यांचा धावा अमान्य केला. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुढे आहे. त्याच कबुलीजबाबाच्या १५३१ च्या समर्थनात, स्वर्गातले संत चर्चसाठी प्रार्थना करतात हे मान्य केले आहे आणि मरिया ती करते हेही गृहीत धरले आहे. म्हणजे ती प्रार्थना करते का, यावर भांडण नाही. आपण तिला तशी विनंती करावी का, यावर आहे.

या वादात पौलाच्या पत्रातले १ तीमथ्य २:५, म्हणजे देव आणि माणसे यांच्यात ख्रिस्त हा 'एकच मध्यस्थ', हे वचन सरसकट तोंडावर फेकले जाते. एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण त्याच अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल सर्वांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करायला सांगतो. पण कॅथलिकांचे मित्राचे उदाहरणही पुरे पडत नाही, असे मला वाटते. 'साल्वे रेजिना' या जुन्या प्रार्थनेत मरियेला 'आमचे जीवन, आमची आशा' म्हटले आहे. मित्राला कोणी असे म्हणत नाही. अशा ओळींचा खुलासा न करता त्या म्हणवून घेतल्या, की ऐकणाऱ्याला उपासनाच ऐकू येते आणि त्याचा दोष त्याच्या कानांना देता येत नाही.

सर्वांत अवघड गाठ मात्र प्रार्थनेची नाही, दोन श्रद्धासिद्धान्तांची आहे. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी निष्कलंक गर्भसंभव जाहीर केला. आपल्या लेखात त्याचा अर्थ येशूचा कुमारीपासून झालेला जन्म असा दिला आहे, तो चूक आहे. हा सिद्धान्त मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयी आहे. ख्रिस्ताच्या पुण्याईने, आधीच मिळालेल्या कृपेमुळे, ती मूळ पापापासून (आदामापासून सर्व माणसांकडे आलेल्या पापापासून) मुक्त राखली गेली, असा तो आहे. पंचांग पाहिले तरी कळते: ८ डिसेंबरनंतर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला तिचा जन्मोत्सव येतो. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी तिचे सदेह स्वर्गोन्नयन जाहीर केले. त्याआधी तिला मरण आले की नाही, हे त्या व्याख्येत मुद्दाम मोकळे ठेवले आहे. प्रोटेस्टंटांचा आक्षेप असा की शास्त्रात जे स्पष्ट सांगितलेले नाही ते तारणासाठी मानलेच पाहिजे असे बंधन कोणी कसे घालावे? आणि हा आक्षेप हलका नाही. खुद्द थॉमस अक्वायनस या मध्ययुगातल्या थोर कॅथलिक ईशज्ञानपंडितांनी निष्कलंक गर्भसंभव मान्य केला नव्हता. अँग्लिकन-कॅथलिक आयोगाच्या २००५ च्या निवेदनाने दोन्ही सिद्धान्तांचा आशय शास्त्राशी सुसंगत ठरू शकतो इथपर्यंत मजल मारली, तरी बंधनाचा प्रश्न उरलाच. याउलट १८५८ चे लूर्द किंवा १९१७ चे फातिमा इथल्या मरियेच्या दर्शनांवर विश्वास ठेवण्याची कोणत्याही कॅथलिकावर सक्ती नाही. वाद घालणारे नेमके तिथेच अडकतात.

कॅथलिक चर्चमध्येही सगळे एका सुरात बोलतात असे नाही. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की चर्चविषयक दस्तऐवजातच तिला स्थान द्यायचे, यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. १,११४ विरुद्ध १,०७४ मतांनी दुसरा पर्याय निवडला गेला. म्हणून १९६४ च्या त्या दस्तऐवजाचे आठवे प्रकरण मरियेवर आहे आणि त्यात अतिशयोक्ती व कोतेपणा दोन्ही टाळण्याची सूचना आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने मरियेसाठी 'सहतारक' (ख्रिस्तासोबत तारण करणारी) ही उपाधी वापरणे अनुचित असल्याचेही स्पष्ट केले.

ज्यांना एकत्र प्रार्थनासभा घ्यायची आहे त्यांनी लूक १:४६-५५ हे स्तोत्र घ्यावे, संदेशाचे वाचन घ्यावे, प्रेषितांची कृत्ये १:१४ घ्यावे, आणि प्रार्थना देवाला उद्देशून, मरियेबद्दल आभार मानणारी ठेवावी. कार्यक्रमात विविधता म्हणून रोझरीचे एखादे दशक घालू नये. त्यामुळे निम्मी मंडळी गप्प उभी राहतात आणि दोन्हीकडे संकोच होतो. प्रोटेस्टंट प्रवचनकारांनीही लूक ११:२७-२८ वाचून 'येशूने आईला महत्त्व दिले नाही' असा निष्कर्ष काढू नये. देवाचे वचन ऐकून पाळणारे धन्य, असे येशू तिथे म्हणतो. आणि वचन ऐकून होकार देणारी, ते मनात जपून ठेवणारी म्हणून लूकने १:३८ आणि २:१९ मध्ये मरियेलाच दाखवले आहे.

आपला,
एक वाचक