मागचा ब्रेक नुसता नट आवळून सुधारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की कास, ठोसेघर, महाबळेश्वरकडे दुचाक्यांची रीघ लागते. यवतेश्वर नाहीतर पसरणीचा घाट समोर आला, की मागचा ब्रेक हल्ली नीट लागत नाही हे कित्येकांना आठवते. मग गॅरेजपुढे इंजिन चालूच ठेवून ‘जरा ब्रेक टाइट करून द्या’ अशी मागणी होते. मेकॅनिक वाकून नटाला दोन फेरे देतो, पैसेही घेत नाही. हे पत्र त्या फुकटच्या दोन फेऱ्यांबद्दलच आहे.

ड्रम ब्रेकच्या रॉडच्या टोकाला जो नट असतो, तो लायनरच्या (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या थराच्या) झिजेने वाढलेले अंतर भरून काढण्यापुरता. पेडल बोटाने दाबावे. ब्रेक धरू लागेपर्यंत बहुतेक गाड्यांत ते २० ते ३० मिमी खाली जायला हवे. नट अर्धा-अर्धा फेरा आवळावा आणि त्याची खोलगट बाजू पिनेवर बसली आहे ना ते पाहावे. ती अधांतरी राहिली, तर दोन-चारदा पेडल दाबताच पुन्हा ढिले. नंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवून घासत नाही ना ते पाहावे. इथेच घासणारे लायनर घाट उतरताना तापणार, आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

एवढ्यानेही भागले नाही, तर आणखी आवळू नये. बहुतेक गाड्यांच्या ब्रेक प्लेटवर (ड्रमच्या झाकणावर), कॅमच्या, म्हणजे फिरून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या तुकड्याच्या, दांड्यापाशी एक छोटा बाण असतो. पेडल पूर्ण दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला भिडला, की लायनर संपले. खरी लबाडी इथेच होते. रॉडचे आटे संपले म्हणून दांडा कॅमवरून उपसून एक दात फिरवून बसवतात. पेडल वर येते, गिऱ्हाईक खूश. आतले लायनर मात्र तेवढेच झिजलेले, आणि कॅम त्याच्या मर्यादेपलीकडे फिरू लागतो. तो तिथे अडकला तर चाक जाम होते. आमच्याच धंद्यातली ही सवय बंद झाली पाहिजे, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

चाक काढल्यावर काय पाहावे? सर्वांत झिजलेल्या जागी लायनर २ मिमीच्या खाली गेले असेल, तर दोन्ही शू (लायनर बसवलेले अर्धगोल भाग) जोडीनेच बदलावेत. जाडी शिल्लक आहे पण पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय, तर खरखरीत पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला तरी पुरते. तेल किंवा ग्रीस लागलेले लायनर पेट्रोलने धुण्यात अर्थ नाही. आत मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते. आधी ते कुठून आले ते शोधावे (हबचे ऑइल सील गेलेले असते, नाहीतर कॅमला कोणीतरी ढीगभर ग्रीस फासलेले असते) आणि मग नवे शू टाकावेत. नवे टाकूनही पेडल मऊ लागत असेल, तर ड्रम मोजावा. १३० मिमीचा ड्रम साधारण १३१ पर्यंत चालतो. त्यापुढे नवे लायनर फक्त मधोमध टेकते. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांचा कॅम गंजून जड झालेला असतो. तो काढून घासावा, बोटाच्या टोकावर येईल एवढेच ग्रीस लावावे आणि जादाचे पुसून टाकावे. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

जोडताना ब्रेक प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आणि स्प्लिट पिन विसरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. एक्सलचा नट पेडल दाबून धरूनच आवळावा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. नवे लायनर पहिले शे-दोनशे किलोमीटर पुरते धरत नाहीत, तेव्हा त्याच दिवशी घाट नको.

डिस्क ब्रेकवाल्यांचे थोडक्यात: पेडल स्पंजासारखे लागले तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा जो प्रकार लिहिलेला असेल तेच ऑइल, सीलबंद डब्यातले, दोन वर्षांनी बदलावे. इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबरी सील फुगतात.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर ब्रेकची सक्तीची तपासणी नाही, पीयूसीत फक्त धूर पाहतात. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी देताना मागचे चाक उघडून लायनर दाखवा, असे गिऱ्हाइकानेच ठणकावून सांगावे. चेन आवळली की चाक मागे सरकते, रॉड ताणला जातो आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. त्यामुळे आधी चेन, मग ब्रेक, शेवटी ब्रेक लाइटचा स्विच, हाच क्रम ठेवायला लावावा.

आपले,
दुचाकी दुरुस्ती करणारे काही मेकॅनिक, सातारा