बल्ब बदलला आणि इंडिकेटर मुका झाला

संपादक साहेब, नमस्कार. पावसाळ्याआधी बाईकचे इंडिकेटर बल्ब काढून एलईडी टाकले, उजेड मस्त पडला पण लुकलुकायचं बंद, दाबलं की नुसतं जळत राहतं. दुकानदार म्हणाला वायरिंग गेलंय, हार्नेस म्हणजे तारांचा अख्खा संच बदला! घरी येऊन शांतपणे बघितलं तर वायरिंग ठणठणीत, घोळ फ्लॅशरचा, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या छोट्या डबीचा होता. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर चालतो, पुढचा-मागचा १०-१० वॅटचे म्हणजे २० वॅटचा लोड त्याला लागतो आणि एलईडी खातो जेमतेम एक-दोन वॅट, मग फ्लॅशरमधली धातूची पट्टी तापतच नाही आणि टकटक होणार कुठून. काही गाड्यांत उलटं होतं, भलतंच फास्ट लुकलुकतं. एलईडीवर चालणारा फ्लॅशर टाकला, काम झालं, फक्त पिना जुळतात का ते बघून घ्या. काहीजण लोड वाढवायला रेझिस्टर लावतात पण तो जाम तापतो, प्लास्टिकजवळ नकोच. आणि साधाच बल्ब टाकून असं झालं तर आधी वॅट बघा, मग होल्डरचा गंज घासा. एलईडी विकताना दुकानदार हे एका वाक्यात का सांगत नाहीत? मागच्याला आपण वळतोय हे कळायला नको?

– एक बाईकवाला वाचक, सातारा