भोंगा वाजला, पण सांगितले काय?

महोदय,

गिरण्या चालू होत्या तेव्हा सोलापूर भोंग्यावर उठत असे आणि कितवा भोंगा झाला यावरून घराघरांत डबा भरण्याची वेळ ठरत असे. आज भोंगा वाजला की माणसे आधी मोबाइल उघडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा नदीकाठी राहणाऱ्या माझ्या बहिणीला ‘धरण फुटले’ हा खोटा निरोप एकाच रात्रीत पाच गटांतून आला. पाणी गोठ्यापर्यंत येणार की नाही, हे मात्र कोणीही सांगितले नाही.

भोंग्याचा चढउतार होणारा सूर म्हणजे धोका आणि दोन मिनिटे एकसारखा वाजणारा सूर म्हणजे धोका टळला, हा संकेत ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या देशव्यापी रंगीत तालमीच्या निमित्ताने पुन्हा चर्चेत आला. आमच्या गल्लीत तो आज किती जणांना आठवतो, हे विचारून पाहावे.

नदीकाठच्या गावांत वीज गेल्यावरही बॅटरीवर चालणारा भोंगा असावा आणि त्यापाठोपाठ ध्वनिक्षेपकावरून मराठीत, तसेच गरजेप्रमाणे कन्नड व तेलुगूत, खुलासा व्हावा. विसर्ग इतके क्युसेक, ही भाषा अभियंत्यांना कळते (आणि तलाठ्यांना कदाचित). गावकऱ्यांना ‘रात्री दहापर्यंत पाणी मारुतीच्या पायरीला लागेल’ एवढेच हवे असते. तोच मजकूर वेळ घालून आणि सही करून चावडीच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे मोबाइलवरच्या निरोपाशी तो ताडून पाहता येईल.

– एक वाचक, सोलापूर