फाईलच्या पहिल्या पानावरील ओळीसाठी

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खोलीतून निघताना मी ‘थँक्यू’ म्हणाले होते, पण तो शब्द दार लोटता लोटता कोणीही म्हणतो. मला म्हणायचे होते ते त्यात मावले नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) किंवा तसाच न बरा होणारा आजार सोबत घेऊन मुलाचा विचार करणारी मी एकटीच नाही.

तुमच्याकडे येण्याआधी हा विषय मी काढला नव्हता असे नाही. एका डॉक्टरांनी संगणकावरची नजरही न हलवता ‘तुमच्या आजारात मुलाचा विचार सोडा’ असे सांगितले आणि त्याच दमात पुढच्या तपासणीची तारीख दिली. दुसरे एक मनाने चांगले होते. ते हसून म्हणाले, ‘राहिले तर राहू दे, मग बघू.’ त्यांना दिलासा द्यायचा होता, हे मला समजते. पण त्या वेळी मूत्रपिंडाला आलेल्या सुजेसाठी मी मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेत होते, आणि त्या औषधाच्या बाबतीत ‘मग’ म्हणजे फार उशीर असतो. बाळाचे कान, ओठ आणि टाळू पहिल्या काही आठवड्यांत घडतात, तेव्हा आईला दिवस गेल्याचा नुकता कुठे पत्ता लागलेला असतो. हे औषध चालू असताना राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ निम्मे पडतात, ही गोष्ट मला गोळ्यांच्या खोक्यातील घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत वाचायला मिळाली. गोळी लिहून देणाऱ्याला ती तोंडाने सांगायला असा किती वेळ लागला असता?

नातेवाइकांचे सल्ले निराळेच होते. ‘सगळ्या गोळ्या बंद कर, मग बघ कसे सुरळीत होते,’ असे बजावणाऱ्या मंडळींना मी दोष देत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खालचा रस्ता दिसत नसतो. ज्यांना तो दिसत होता आणि तरीही जे बोलले नाहीत, त्यांच्यावरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केले, पण मनात घर करून राहिली आहे ती एक लहानशी गोष्ट. माझे सगळे ऐकून घेतल्यावर तुम्ही फाईल मिटलीत आणि पुन्हा पहिल्या पानावर उघडलीत. तिथे आजपर्यंत आजाराचे नाव आणि मला न चालणाऱ्या औषधांची नोंद एवढेच होते. त्याखाली तुम्ही ‘गर्भधारणेचे नियोजन चालू आहे’ असे लिहिलेत, फाईल माझ्याकडे फिरवलीत आणि ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारलेत. मी चाचरत म्हणाले की आमचे अजून ठरलेले नाही, आम्हाला आधी समजून घ्यायचे आहे. त्यावर तुम्ही ती ओळ एका रेघेने खोडलीत आणि लिहिलेत, ‘मुलाबद्दल दोघे विचार करत आहेत. नवे औषध देण्यापूर्वी त्यांना विचारावे.’ खाली सही आणि तारीख.

या ओळीने काय केले ते तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. मध्यंतरी लघवीच्या संसर्गाने ताप चढला आणि रात्री तातडीच्या विभागात जावे लागले. कर्तव्यावर असलेला तरुण डॉक्टर प्रतिजैविक लिहायला बसला, फाईल उघडताच थांबला, आणि आधी पाळीबद्दल विचारून मगच त्याने औषध निवडले. हे सगळे पहिल्यापासून सांगण्याचे आणि सांगताना ओशाळण्याचे काम त्या रात्री माझ्या वाट्याला आले नाही.

बाकीचे तुम्ही इतक्या सरळपणे सांगितलेत की त्यात घाबरवणेही नव्हते आणि गोंजारणेही नव्हते. मायकोफेनोलेट थांबवून गरोदरपणात चालणारे अझाथायोप्रिन सुरू करायचे, गर्भ राहण्यापूर्वी निदान 6 आठवडे जुने औषध पूर्ण बंद असायला हवे, आणि नव्या औषधावर आजार सलग 6 महिने शांत राहिला तरच पुढचे पाऊल टाकायचे. ल्युपसचे नेहमीचे औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही सोडायचे नाही, कारण ते सोडल्यावर आजार उसळण्याचाच धोका जास्त. माझ्या रक्तात ॲन्टी-रो नावाची, आईकडून बाळापर्यंत पोहोचणारी प्रतिपिंडे आहेत, आणि अशा 100 गर्भधारणांमागे साधारण 2 बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतो, हेही तुम्ही लपवले नाहीत. त्यासाठी सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी का करतात, ते कागदावर आकृती काढून दाखवलेत. मूल हवे असलेल्या बाईशी ते सध्या राहू नये म्हणून काय वापरावे, याबद्दल बोलणे सोपे नसते. आजवर कोणीच ते बोलले नव्हते. तुम्ही माझ्या नवऱ्यालाही खुर्ची पुढे घ्यायला सांगितलीत आणि रक्तदाबाबद्दल बोलावे तितक्या सहजपणे तो विषय पूर्ण केलात.

यात असामान्य वैद्यकीय ज्ञान होते असे मी म्हणणार नाही. इतके ज्ञान आधीच्यांकडेही असणार. समोरच्या माणसाला आजारापलीकडेही आयुष्य आहे हे गृहीत धरणे, त्याच्या वतीने परस्पर निर्णय न घेणे आणि ‘नाही’ म्हणायचेच असेल तर कारणासह म्हणणे, याला साधे सौजन्य म्हणतात. त्याला वेगळी पदवी लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि तरीही ते भेटले की माणूस गहिवरून पत्र लिहायला बसतो, यात आपल्या सर्वांच्याच अपेक्षा किती खाली आल्या आहेत तेही दिसते.

एक मैत्रीण म्हणाली, ‘आभाराचे पत्र बाळ झाल्यावर लिही, आत्ताच कशाला?’ मला ते पटले नाही. आजार शांत राहील की नाही, लघवीतून जाणारी प्रथिने आणखी कमी होतील की नाही, आणि सगळे जमून आले तरी आम्ही दोघे शेवटी काय ठरवू, यातले काहीच आज सांगता येत नाही. माझे आभार त्या निकालावर अवलंबून नाहीत. तोवर रक्तपेशींच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करत राहीन आणि पुढच्या वेळी येताना रक्तदाबाच्या नोंदींची वही घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण