तिकीट पाकिटावर दिसू द्या

महोदय,

अमेरिकेतल्या भाचीने ओरेगॉन राज्याच्या शताब्दीचं, १९५९ सालचं चार सेंटचं तिकीट पाठवलं. कापडी छपराची बैलगाडी आणि मागे माउंट हूड, बस्स. ना पुढारी, ना बोधचिन्ह.

आल्बममध्ये ते आपल्या रेल्वे शताब्दीच्या दोन आण्यांच्या तिकिटाशेजारी लावलं. त्यावर १८५३ आणि १९५३ अशी दोन इंजिनं आहेत. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आमच्या ठाण्यालाच आली, म्हणून वडिलांनी ते जपलेलं. एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण असो.

परवा टपाल खिडकीवर म्हटलं, “पाकिटाला स्मारक तिकीट लावा.” बाईंनी मान वर न करता बारकोडची पांढरी चिठ्ठी डकवली. “काका, तिकिटं कोण मागतं आता?”

१ मे २०३५ ला महाराष्ट्राची पंचाहत्तरी. टपाल खात्याने तिकीट काढावंच, नाशिकच्या छापखान्यात छापावं. फक्त नकाशा आणि चेहऱ्यांची गर्दी नको. वारली चित्र चालेल, आमच्या खाडीकाठचं मिठागरही चालेल. आणि ते साध्या खिडकीवर, सुट्टं मिळावं.

— एक तिकीटवेडा, नौपाडा, ठाणे