रशियाचा व्हेटो आठवतो, मग अझोर्सचा विमानतळही आठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोवा मुक्ती दिनाच्या तुमच्या पुरवणीतला मोठा लेख वाचला. मेहनतीनं लिहिलाय, फोटोही चांगले आहेत, पण मधेच एक वाक्य आलं की त्या काळात अमेरिकेनं हुकूमशहाची बाजू घेतली आणि रशियानं लोकशाहीची. पहिलं अर्धं खरंय, दुसरं वाचून मात्र हातातला चहा खाली ठेवला. मी बांद्याचा, गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी आमच्या उंबऱ्यावर, त्यामुळे हा विषय आमच्याकडे पुस्तकातून कमी आणि ओटीवर बसून जास्त ऐकलेला, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात (चारच्या जास्त होणार, सांभाळून घ्या).

१९५५ हे एकच वर्ष घ्या. १५ ऑगस्टला ऐन पावसात निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीतून आत शिरले, पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या, वीसपेक्षा जास्त माणसं मेली. नानासाहेब गोरे, मधु लिमये हे समाजवादी नेते त्याआधीच पकडले गेले होते, लिमयांना बारा वर्षांची सजा. आणि हे करणारा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कोण, तर नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटाचा, फाउंडर मेंबर. १९४९ ला ‘स्वतंत्र जगाचं’ रक्षण करायला जी नाटो निघाली तिच्यात पहिल्या दिवसापासून एक हुकूमशाही बसलेली होती, घरी सिक्रेट पोलीस, पेपरवर सेन्सॉर, निवडणुका नावापुरत्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही कारण माणूस कम्युनिस्टांच्या विरोधात होता, बास.

मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रशियाचे नेते क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले, गावोगाव हार घालून घेतले, आणि गोवा भारताचाच असं जाहीर बोलले. ते ऐकून तिकडे वॉशिंग्टनला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्याबरोबर लगेच जॉइंट स्टेटमेंट काढलं, त्यात गोवा म्हणजे पोर्तुगालचा प्रांत असा सूर, आणि चार दिवसांनी पत्रकारांनी विचारलं तरी तेच. म्हणजे बघा, पत्रादेवीला मेलेल्यांना चार महिने होत आले होते, आणि रशिया बोलला म्हणून अमेरिका बोलली आणि तीही उलट बाजूनं.

आणि त्याच डिसेंबरात पुढचा प्रकार. इतकी वर्षं पोर्तुगालला युनोत घ्यायला रशिया व्हेटो मारत होता, १४ डिसेंबरला रशिया-अमेरिकेचं पॅकेज डील झालं, तुझे घे माझे घे, एकाच गठ्ठ्यात सोळा देश आत. त्यात पोर्तुगाल होता, हुकूमशहा फ्रँकोचा स्पेन होता, आणि रशियाच्या बाजूनं हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, अल्बेनिया. भारतात येऊन गोव्यासाठी टाळ्या घेतल्या आणि तेवढ्यातच सालाझारला युनोच्या दारातून आत सोडलं. यातल्या कुठल्या देशातल्या माणसाला मोकळेपणानं मत देता येतं हा प्रश्न विचारला असता तर गठ्ठा निम्मा झाला असता. वर्षाच्या आत त्यातल्या हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले, बुडापेस्टच्या रस्त्यावर माणसं चिरडली, पंतप्रधान इम्रे नॉज यांना पुढे १९५८ मध्ये फाशी दिली. गोव्याच्या लोकांचे हक्क ज्यांना कळत होते त्यांना हंगेरीच्या लोकांचे कळत नव्हते का? आणि आपणही तेव्हा मतदानात तटस्थ बसलो, हे लेखात यायला हवं होतं.

आता अमेरिकेचं. सगळे म्हणतात त्यांचा अध्यक्ष केनेडी चांगला माणूस होता, असेल. मार्च १९६१ मध्ये अंगोला या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत अमेरिकेनं चक्क रशियाबरोबर पोर्तुगालच्या विरोधात मत दिलं, ही खरंच मोठी गोष्ट होती. पण अटलांटिकच्या मधोमध अझोर्स बेटं आहेत पोर्तुगालची, तिथे लाजेसचा विमानतळ अमेरिकेला हवा होता, कारण तेव्हा युरोपकडे किंवा पुढे जाणारं लष्करी विमान तिथे उतरून तेल भरून जायचं. त्याचा करार १९६२ अखेर संपत होता. सालाझारनं काय करावं, करार रिन्यू केलाच नाही आणि जा असंही म्हटलं नाही, भाडेकरूला ॲग्रीमेंटशिवाय ठेवतात ना तसं ठेवलं, म्हणजे कधीही बाहेर काढता येतं या भीतीनं तो गप्प. आणि अमेरिका गप्प झालीच, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींवरची तिची भाषा हळूहळू मऊ पडत गेली. तिथली युद्धं पुढे बारा-तेरा वर्षं चालली. एका धावपट्टीची किंमत अंगोला आणि मोझांबिकच्या लोकांनी दिली असं मी म्हणेन, कुणाला जास्त वाटलं तर वाटो.

डिसेंबर १९६१ चं सगळ्यांना पाठ आहे. आपलं सैन्य आत गेलं, सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांचा ठराव आला, सात विरुद्ध चार, आणि सात मतं तेव्हा पुरेशी होती, म्हणजे रशियाचा व्हेटो नसता तर ठराव पास होता. मान्य. उपकार मान्य. रशियाचे नेते ब्रेझनेव्ह त्या दिवसांत भारतातच दौऱ्यावर होते आणि त्यांनीही पाठिंबा दिला. पण त्याच ब्रेझनेव्हनी १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात प्रागला रणगाडे पाठवले, आणि त्यावरच्या युनोतल्या ठरावावरही आपण परत तटस्थ! व्हेटोची परतफेड कशी होते ते यात दिसतं. जे चार विरोधात होते त्यात सिलोन (आजचं श्रीलंका), लायबेरिया आणि इजिप्तचं अरब रिपब्लिकही होतं, त्यांना ना तळ हवा होता ना काही, ते स्वतः वसाहतवाद भोगून किंवा जवळून बघून आलेले. त्यांचं नाव आपण कधी घेत नाही, घ्यायला पाहिजे.

आता मला खटकलेली सगळ्यात मोठी गोष्ट. गोवा मुक्त झाला, तरी मोहन रानडे कुठे होते? सांगलीचा हा माणूस गोव्यात शिक्षक म्हणून गेला, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडला गेला, सव्वीस वर्षांची सजा, आणि नेऊन टाकलं लिस्बनजवळच्या तुरुंगात. १९६१ ला इकडे तिरंगा लागला, त्यांची सुटका जानेवारी १९६९ ला झाली. सात वर्षं! दोन्ही महासत्तांना त्यांचं काही पडलं नव्हतं, युनोतलं नाटक संपलं होतं. सुधीर फडक्यांसारखी माणसं इकडे धडपडत होती, विनंत्या पोपपर्यंत गेल्या, तेव्हा कुठे सुटले.

त्यांना डांबणारी राजवट पाडली कुणी? अमेरिकेनं नाही, रशियानंही नाही. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालच्याच तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी, आफ्रिकेतल्या लढाईला कंटाळून. त्यानंतर मात्र दोघेही धावत आले, एकाला तिथे कम्युनिस्ट यावेत असं वाटत होतं, दुसऱ्याला ते आलेच अशी धास्ती. पोर्तुगीज लोकांनी वर्षभरात रांगा लावून मतदान केलं, नव्वद टक्क्यांच्या वर, आणि कम्युनिस्टांना साडेबारा टक्के दिले. गोवा भारताचा हे तर तिथल्या नव्या सरकारनं त्या मतदानाच्याही आधी मान्य केलं, ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत सही झाली, तिकडून मारिओ सोआरेस आणि आपल्याकडून यशवंतराव चव्हाण. हे तर तुमच्या लेखात एका ओळीतही नाही!

आणि याची दुसरी बाजू पूर्व तिमोर. तीही पोर्तुगीज वसाहत, तिथे १९७५ च्या डिसेंबरात इंडोनेशिया घुसला, आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर इंडोनेशियाच्या राजधानीत, जकार्तात होते, आम्ही समजून घेऊ असं सांगून निघाले, ती कागदपत्रं पुढे उघड झालीत. किमान एक लाख माणसं गेली. स्वतःचं मत द्यायला तिथल्या लोकांना १९९९ उजाडलं. आणि लिहिताना लाज वाटते, युनोच्या आमसभेत इंडोनेशियाला माघार घ्यायला सांगणारा ठराव आला तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं. आपल्याकडे तेव्हा आणीबाणी होती, विचारणार कोण.

म्हणून एक विनंती. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत रशिया-अमेरिकेला अर्धा कॉलम पुरे, एक पान पेनिशच्या किल्ल्याला द्या. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचा हा तुरुंग. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा तिथे होते, पुरुषोत्तम काकोडकर होते, आणि सालाझारच्या विरोधातले कितीतरी पोर्तुगीजही तिथेच. आता तिथे म्युझियम आहे. कुन्हा १९५८ ला मुंबईत वारले, त्यांना मुक्त गोवा बघायला मिळाला नाही. तुमचा कुणी वार्ताहर तिकडे गेलाच तर आमच्या गोवेकरांचा तिथे किती उल्लेख आहे ते नक्की बघून यायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक, बांदा (सिंधुदुर्ग)