नडगीत रॉड, दुखणे मात्र गुडघ्याला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-आग्रा महामार्गावरील दुचाकी अपघातांच्या बातम्या आपण नियमितपणे छापता. त्या अपघातांत नडगीचे हाड मोडलेल्यांचे पुढे काय होते, याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे येणाऱ्या अशा अनेक रुग्णांचे हाड नीट जुळलेले असते, एक्स-रे चांगला असतो, आणि तरीही ते धास्तावलेले असतात, कारण मोडली नडगी आणि दुखतो गुडघा.

याचे मूळ शस्त्रक्रियेच्या वाटेत आहे. मोडलेले हाड धरून ठेवण्यासाठी नडगीच्या पोकळीत बसवायचा धातूचा रॉड मोडलेल्या जागेतून नव्हे, तर गुडघ्याकडून आत सरकवतात आणि त्यासाठी बहुधा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेतून (वाटीला नडगीशी जोडणाऱ्या जाड पट्ट्यातून) किंवा तिच्या कडेने जावे लागते. तिथली त्वचेची बारीक नस दुखावणे, रॉडचे टोक किंचित वर राहणे, मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होणे अशी अनेक कारणे सांगितली जातात. दर वेळी एकावरच बोट ठेवता येत नाही. रॉड काढल्यावर काहींना आराम पडतो, पण सर्वांना पडेलच अशी खात्री कोणताही जबाबदार सर्जन देणार नाही.

तपासणीत ‘चालताना त्रास होतो का?’ एवढेच विचारले, तर उत्तर ‘नाही’ येते आणि विषय तिथेच संपतो. खरा त्रास गुडघे टेकताना व उकिडवे बसताना होतो. निफाड-लासलगाव भागात कांद्याची लागवड आणि काढणी करणाऱ्या बाईचा किंवा फरशी बसवणाऱ्या कारागिराचा रोजगारच त्या बैठकीवर अवलंबून असतो. टेबल-खुर्चीवर काम करणाऱ्याला जी किरकोळ तक्रार वाटते, ती यांच्यासाठी मजुरी बुडण्याची गोष्ट ठरते.

म्हणून शहरातील अस्थिरोगतज्ज्ञांना विनंती आहे की, संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाचा व्यवसाय विचारावा आणि या दुखण्याची शक्यता त्याला मराठीत सांगावी. गुडघा जवळजवळ सरळ ठेवून वाटीच्या वरून रॉड घालण्याची पद्धतही आता वापरात आहे; ती कोणाला योग्य, हे अर्थात सर्जननेच ठरवायचे. डिस्चार्ज कार्डावर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम लिहून द्यावेत. शिवाय ताप, जखमेतून स्राव किंवा भार टाकताच मोडलेल्या जागीच कळ येणे ही लक्षणे वेगळी असून त्यांसाठी विनाविलंब दवाखान्यात यावे, असेही त्यावर ठळक अक्षरांत छापावे.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक